बुडातली अळंबी तोडण्याआधी

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला आणि आर्द्रा लागल्या, की माझ्याकडे एकाच धर्तीचे निरोप येऊ लागतात. फणसाच्या बुडात काहीतरी आलंय, गुलमोहराच्या खोडाला कान फुटलेत, नारळाच्या मुळाशी तपकिरी छत्री आहे. प्रत्येक निरोपाचं शेवटचं वाक्यही ठरलेलं असतं: "ती काढून टाकली, आता वरून काय लावू?" इतकी वर्षं झाडांचे रोग बघतोय, तरी हे वाक्य वाचलं की जीव कळवळतो. मला जे बघायचं असतं तेच उकिरड्यावर गेलेलं असतं. यंदा आलेल्या प्रश्नांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतो. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी असे सगळीकडचे आहेत.

प्रश्न (हिंडलगा): आंब्याच्या खोडावर पांढरे-हिरवट चट्टे आलेत. दरवर्षी पसरतात. कुठलं बुरशीनाशक मारू?

कुठलंही नको. ते दगडफूल आहे, काळ्या मसाल्यात घालतो त्याच्या जातकुळीतलं. सालीवर नुसतं बसतं, झाडाचं काही खात नाही. खरवडूही नका, साल दुखावते.

प्रश्न (शहापूर): ट्रायकोडर्माची पावडर मोरचुदाच्या पाण्यात कालवून एकदमच घातली तर चालते काय? दुकानदार चालते म्हणाला.

नाही चालत. ट्रायकोडर्मा ही स्वतः जिवंत बुरशी आहे आणि मोरचूद बुरशी मारतं. दोन्हीचे पैसे गेले. पाकिटावरची तारीख बघा, उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका आणि जमलं तर कृषी विज्ञान केंद्रातूनच घ्या.

प्रश्न (टिळकवाडी): घरासमोर तीस-पस्तीस वर्षांचा गुलमोहर आहे. गेल्या वर्षी बुडाला ताटलीएवढ्या तपकिरी अळंब्या आल्या होत्या. माळ्याने कुऱ्हाडीने काढून काळं ऑइल फासलं. बाजूला एक ढोली आहे. एक ठेकेदार ती सिमेंटने भरून देतो, खोडाला भोकं पाडून औषध सोडतो आणि पाच वर्षांची हमी देतो म्हणतोय. यंदा अळंबी परत आलीच, पण झाड वर हिरवंगार आहे. करून घेऊ का?

नका करून घेऊ. आणि आजपासून त्या झाडाखाली गाडी लावू नका, मुलांना खेळू देऊ नका. कारण सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याच प्रश्नात माणसं जखमी होतात.

खोडावर दिसणारी अळंबी म्हणजे रोग नव्हे, रोगाचं फळ. आंबे उतरवले म्हणून आंब्याचं झाड मरत नाही, तसंच हे. बुरशीचं खरं शरीर लाकडात असतं, केसाहून बारीक धाग्यांचं. ते वर्षानुवर्षं आत खात राहतं आणि पुरेसं बळ आलं की बाहेर फळ धरतं. म्हणजे ताटली दिसली तो दिवस रोगाचा पहिला दिवस नसतो, बहुतेक वेळा बराच उशिराचा असतो. कुऱ्हाडीने ती पाडली की रोग जागेवर राहतो आणि त्याची खूण तेवढी जाते. पुढच्या वर्षी तपासायला येणाऱ्याला स्वच्छ बुंधा दिसतो.

तुमच्या वर्णनावरून ती गॅनोडर्मा असावी. असावी एवढंच म्हणतो, कारण फोटोही नाही आणि नमुनाही नाही. यंदा परत आलेली अळंबी वाकून नीट बघा. वरून तांबूस-तपकिरी, काही जातींत लाख चढवल्यासारखी चकाकी, वाढती कड पांढरी. खालचा भाग मळकट पांढरा, त्यावर सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं. नखाने ओरखडा काढला तर तिथे तपकिरी रेघ उमटते. आसपासच्या गवतावर, कधी अळंबीच्या पाठीवरसुद्धा, कोको पावडरीसारखी पूड बसलेली दिसते. ती तिची बीजाणूंची पूड.

ही बुरशी लाकडातला कणखरपणा देणारा लिग्निनही खाते आणि तंतूही खाते. लाकूड पांढुरकं, धाग्याधाग्याचं होतं, पिळलं तर ओल्या कापसासारखं. दुसऱ्या काही बुरशा फक्त तंतू खातात आणि लिग्निन मागे ठेवतात. मग लाकूड तपकिरी होतं आणि वड्या पाडल्यासारखं चौकोनी तुकड्यांत फुटतं. असं लाकूड वाकत नाही, एकदम मोडतं. म्हणून कुठली बुरशी आहे हे कळणं हा अभ्यासकाचा छंद नाही. झाड कसं आणि कुठून मोडेल, हे त्यावरून ठरतं.

आता हिरवेगारपणाचं. पानांना पाणी पोचवतो तो सालीच्या आतला बाहेरचा ताजा थर. झाडाचा भार पेलतात ते आतलं लाकूड आणि जाड मुळं. ही बुरशी भार पेलणारा भाग आधी खाते. त्यामुळे पाणी वर चढत राहतं, पालवी फुटते, मे महिन्यात लालभडक फुलं येतात आणि जूनच्या एका वावटळीत झाड मुळासकट आडवं होतं. "काल तर हिरवं होतं" हे वाक्य पडलेल्या झाडाशेजारी उभं राहून मी कितीतरी वेळा ऐकलंय.

एक प्रसंग अजून डोळ्यांपुढून जात नाही. एका शाळेच्या आवारात मोठी चिंच होती. मला बोलावलं तेव्हा जानेवारी होता. प्रजासत्ताक दिनासाठी बुंध्याला चुना आणि काव लावून झाली होती आणि त्याआधी शिपायाने "घाण" म्हणून बुडातल्या अळंब्या खरवडून टाकल्या होत्या. लाकडी हातोडी घेऊन बुंध्याभोवती ठोकत गेलो. रस्त्याच्या बाजूला टणटण आवाज आला, वर्गाच्या बाजूला भद्द. तसं लिहून दिलं. पुढे "परीक्षा होऊ देत", "सुट्टी लागू देत", "बैठकीत ठेवू" असं करत करत पाच महिने गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री चिंच वर्गाच्या छपरावर आली. रात्र होती म्हणून कुणी दगावलं नाही. सकाळी बुडखा बघितला. वर्गाच्या बाजूला टणक लाकूड चार बोटं उरलेलं, बाकीचं हाताने उपटून येत होतं. आणि मातीलगत, चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्याखाली, नवी अळंबी धरलेली होती, करंगळीच्या पेराएवढी.

आता सिमेंटचं बघू. झाड माणसासारखी जखम भरून काढत नाही, ते जखम कोंडून टाकतं. आतल्या कुजक्या भागाभोवती स्वतःच्या रसायनांनी भिंत उभी करतं आणि तिच्या बाहेर नवं लाकूड घालत जातं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं, त्यालाही आता पन्नासेक वर्षं झाली. ढोली खरवडून साफ केली की ती भिंत फुटते. सिमेंट वाऱ्यात डोलत नाही, झाड डोलतं. दोन्हींच्या मध्ये फट पडते, तिथे पाणी साठतं आणि बुरशीला हवी तशी जागा तयार होते. औषधासाठी ड्रिलने पाडलेलं प्रत्येक भोक ही त्याच भिंतीला नवी खिंड. काळं ऑइल, डांबर, ऑइलपेंट यांनीही कूज थांबत नाही. कुजलेलं लाकूड परत टणक करणारं औषध जगात नाही. पाच वर्षांची हमी देणाऱ्याला "कशाची हमी" हे कागदावर लिहून मागा.

मग करायचं काय? यंदाची अळंबी तोडू नका. शेजारी पट्टी धरून फोटो काढा, वरून, खालून आणि लांबून सबंध झाडाचा. जमिनीपासून किती उंचीवर आहे, कुठल्या दिशेला आहे आणि बुंध्याच्या घेरातला किती भाग तिने व्यापलाय ते लिहा. बुडाभोवती मातीला भेग पडलीय का, झाड पूर्वीपेक्षा कललंय का, गेल्या काही वर्षांत गटारासाठी, नळासाठी किंवा रस्त्यासाठी मुळं तोडली गेली का, हे आठवून लिहा. मुळं तोडल्यानंतर रोग वर दिसायला कित्येक वर्षं जातात, म्हणून दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही.

पोकळ झाडाबद्दल जर्मनीच्या क्लाउस मात्तेक यांचा एक ठोकताळा आहे. टणक लाकडाची कड त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर खोड सहसा टिकतं. म्हणजे त्रिज्या ३० सेंटीमीटर असेल तर १० सेंटीमीटर. पण हा ठोकताळा सगळीकडून बंद असलेल्या खोडाला लागू. तुमच्यासारखी उघडी ढोली असेल किंवा मुळंच कुजली असतील, तर त्यावर भरवसा ठेवू नका. तपासणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष बोलवा, वनखात्याला लेखी कळवा. शेंड्याचा भार कमी करून झाड राहील की काढावंच लागेल, हे झाडाजवळ उभं राहूनच ठरतं.

प्रश्न (वडगाव): अंगणातल्या हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या आहेत. आजी म्हणते चांदीचा रुपया घालून उकळायच्या, काळा पडला नाही तर खायच्या. खाऊ का?

नको, अजिबात नको. चांदी, लसूण, हळद, तांदूळ यांपैकी कशानेही विषारी अळंबी ओळखता येत नाही. हिरवळीवर येणारी एक मोठी पांढरी छत्री खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते. पिकल्यावर तिच्या खालच्या चुण्या हिरवट होतात. ती पोटात गेली की उलट्या-जुलाब थांबत नाहीत. काही विषारी जाती तर खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच दाखवत नाहीत आणि तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. कुणी चुकून खाल्ली असेल तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, बरोबर घ्या. वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी माणसं खानापूरच्या रानात आहेत, ती गोष्ट वेगळी. फोटो बघून "खा" असं मी कधीच सांगत नाही.

प्रश्न (निपाणी): बांधावरच्या नारळांपैकी दोन झाडांची खालची झावळं पिवळी पडून लोंबलीत. एकाच्या बुडातून तांबूस-तपकिरी रस गळतोय. मीठ घाला म्हणतात, कुणी डिझेल ओता म्हणतंय.

डिझेल ओतलंत तर मुळं आणि माती दोन्ही जातील. मिठानेही हा रोग हटत नाही.

रस जमिनीलगत गळतोय की खोडाच्या मध्यावर, हे आधी बघा. मध्यावर चिरा पडून काळपट डिंक येत असेल तर तो वेगळा रोग. जमिनीलगत असेल आणि बाहेरची झावळं आधी झुकत असतील, तर गॅनोडर्माचा संशय धरायचा. तामिळनाडूत तंजावर भागात १९५२च्या सुमाराला या रोगाने लक्ष वेधलं, म्हणून नारळवाले त्याला तंजावर मर म्हणतात. नारळात अळंबी फार उशिरा उगवते, कधी झाड मेल्यावरच. तिची वाट बघत बसू नका.

हा रोग मुळांतून शेजारच्या झाडाकडे जातो. म्हणून आजारी झाडाभोवती बुंध्यापासून साधारण चार फुटांवर दोन फूट खोल, एक फूट रुंद चर मारतात. एका झाडाचं पाणी दुसऱ्याच्या आळ्यात जाऊ द्यायचं नाही. पाट सोडून सगळ्यांना एकदम भिजवण्याची आपली सवय या रोगाला फार मानवते. आसपास नांगर घालून मुळं तोडू नका. शेजारच्या निरोगी झाडांना वर्षाला पाच किलो निंबोळी पेंड ट्रायकोडर्माबरोबर देतात, पण तो बचाव आहे, बरं करणं नव्हे. मेलेलं झाड बुडख्यासकट काढा. मुळांवाटे औषध देण्याच्या पद्धतीही आहेत. मात्र कुठलं औषध, किती आणि त्यानंतर शहाळी किती दिवस उतरवायची नाहीत, हे तोटगारिका इलाख्यातल्या, म्हणजे फलोत्पादन खात्यातल्या, अधिकाऱ्याला झाड दाखवूनच ठरवा. उरलेल्या झाडांची नारळं घरातच खायची आहेत.

प्रश्न (जांबोटी): काजूच्या फांद्या पावसात मधूनच वाळतात. फांदीला गुलाबी रंगासारखं काहीतरी लागलेलं दिसतं.

तो गुलाबी रोगच. तुमच्याकडे पाऊस धो धो आणि सलग, त्यामुळे जांबोटी-कणकुंबीकडे तो दिसणारच. आधी फांदीवर रेशमासारखे पांढरे धागे येतात, मग गुलाबी खपली धरते, साल तडकते आणि त्याच्या पुढची फांदी वाळते. खपलीच्या खाली वीतभर निरोगी लाकूड घेऊन फांदी काढा, बागेबाहेर नेऊन जाळा आणि कापल्या जागी बोर्डो मलम लावा.

मलमाला मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. फवारणीसाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवायचं आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओतायचं. लोखंडी पिंप अजिबात नको. झाल्यावर चकचकीत चाकूचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी संपवा, शिळं कामाचं नाही. फ्रान्समध्ये बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत १८८५च्या सुमाराला सिद्ध झालेलं हे मिश्रण अजून टिकून आहे. पण ते कापलेल्या फांदीचं, सालीवरच्या रोगाचं औषध आहे. गाभा कुजलेल्या झाडाला फासून काही होत नाही. फवारणी पावसाआधी एकदा आणि पावसाने उघडीप दिली की पुन्हा. मोहोराच्या वेळी काय करायचं ते कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात विचारून घ्या.

प्रश्न (अथणी): गावातल्या सगळ्या कडुनिंबांचे शेंडे एकदम करपल्यासारखे झालेत. झाडं मरणार काय?

मोठी झाडं सहसा मरत नाहीत. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत शेंडे वाळवणारी एक बुरशी आहे, तसाच शेंड्यांचा रस शोषणारा ढेकण्याही आहे आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. माघ-फाल्गुनात नवी पालवी येते का बघा. तोवर उंच झाडांवर फवारणीचा पंप घेऊन चढू नका. रोपवाटिकेतली लहान रोपं असतील तर मात्र नमुना घेऊन तपासून घ्या.

प्रश्न (कणकुंबी): फणसाच्या खोडाला फणसांबा धरलाय. एक व्यापारी किलोवर विकत मागतोय, "परदेशात कॅन्सरवर जातो" म्हणतो. द्यावा काय?

फणसांबा, कुणी फणसअळंबी म्हणतं, आपल्या घाटमाथ्यावर जुन्या माहितीतला आहे. सहाणेवर उगाळून तान्ह्या मुलांच्या हिरड्यांना लावायची रीत होती. अभ्यासकांना त्यात बहुतेक फेलिनस गटातल्या बुरशा सापडल्या. पण फणसावर येणारी प्रत्येक कडक अळंबी तीच असते असं नाही आणि व्यापारी पोत्यात सगळंच भरतो. "रेशी" म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत अळंबीचंही तेच. युरोपात १७८१मध्ये वर्णन झालेल्या जातीचं नाव चीनमधल्या अळंबीला चिकटलं आणि ती वेगळी जात आहे हे २०१२मध्ये नव्या नावानिशी मांडलं गेलं. तज्ज्ञांना इतकी वर्षं लागली, तिथे किलोवर घेणाऱ्याच्या शब्दावर कॅन्सरच्या रुग्णाने कसा विश्वास ठेवावा? बेळगावातच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. घरातली माहिती अशा अभ्यासकांना सांगा, ती जपण्यासारखी आहे. बाळाच्या तोंडात काहीही लावण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा.

आणि त्या फणसाचं काय? व्यापाऱ्याच्या नादात ते राहूनच गेलं. फणसांबा धरलाय म्हणजे गाभा कुजतोय. घराच्या किंवा गोठ्याच्या बाजूला झुकलेला असेल तर पावसाआधीच दाखवायला हवा होता, आता निदान या आठवड्यात दाखवा.

प्रश्न (खानापूर, शिक्षिका): मुलांना घेऊन गावातल्या मोठ्या झाडांची आणि त्यांच्यावरच्या अळंब्यांची पाहणी करायची आहे. नोंद कशी ठेवावी? नावं कशी ओळखावीत?

बाई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. नावाची घाई करू नका, नोंदीची करा. अळंबीचं चुकीचं नाव नंतर दुरुस्त करता येतं, न लिहिलेली उंची आणि तारीख परत मिळत नाही.

प्रत्येक झाडाला एक क्रमांक आणि वहीचं एक पान. झाडाची जात आधी पक्की करा, कारण अळंबी ओळखण्याची निम्मी वाट तिथेच सापडते. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, दोरीने घेर मोजा. मुलांच्या छातीची उंची धरू नका, भिंतीवर एकदा खूण करून काठीवर माप घ्या. मग अळंबी कुठे आहे ते लिहा: मुळावर, बुडात, खोडावर, कापलेल्या फांदीच्या टोकाला की मेलेल्या लाकडावर. मेलेल्या फांदीवर राखाडी, लोकरी, पंख्यासारख्या लहान अळंब्यांचे झुबके दिसतील, खालच्या चुण्या उभ्या दुभंगलेल्या. ती जगभर आढळते आणि बहुतेक वेळा आधीच मेलेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या सालीवर येते. तिच्यामुळे झाड मेलं असं मुलांनी लिहू नये.

खाली छिद्रं आहेत की चुण्या, ते भिंगातून बघू द्या. चुण्यांची मऊ अळंबी असेल तर दांडा कापून टोपी पालथी ठेवा, निम्मी पांढऱ्या कागदावर आणि निम्मी काळ्या, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. मुलांच्या चेहऱ्याकडे तेव्हा बघण्यासारखं असतं. ठशाचा रंग लिहा. हात धुतल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही.

नमुना घ्यायचाच तर अनेक असतील तिथला एकच घ्या, कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये कधीही नाही. घामेजून सडतो. सावलीत कडक वाळवून पिशवीवर झाडाचा क्रमांक, गाव आणि तारीख लिहा. धारवाडच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिरोग विभाग आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. पाठवण्याआधी विचारा, त्यांच्या पद्धतीने पाठवा. आणि पाहणी एकदाच करून थांबू नका. आषाढात, भाद्रपदात आणि कार्तिकात तीच झाडं पुन्हा बघा. मऊ अळंब्या आठवड्यात नाहीशा होतात, कडक वर्षानुवर्षं राहतात आणि वाढतात. तिसऱ्या वर्षी तुमची वही गावाच्या फार कामाची होईल. फक्त एक करा, बुडात अळंबी असलेल्या झाडाखाली वाऱ्यापावसात मुलांना नेऊ नका.

प्रश्न (कडोली): देवळापुढच्या पिंपळाला नवा पार बांधतोय. तीन फूट भर घालून वर फरशी बसवावी म्हणतात.

भर घालू नका. बुंधा जिथे मुळांकडे फाकतो ती जागा मोकळी राहिली पाहिजे. माती तिच्या वर चढली की साल कुजते, मुळांची हवा कोंडते आणि कूज कुणाला न दिसता फरशीखाली वाढते. पार थोडा लांबून घ्या, बुंध्याभोवती हात-दीड हात मोकळी माती ठेवा, सांध्यांत सिमेंट भरू नका. झाड जुनं असेल तर पायाचा चर खणण्याआधी जाणकाराला मुळं दाखवा.

प्रश्न (चिकोडी): स्वतःच्या शेतातलं कुजलेलं झाड तोडायला परवानगी लागते का? कोल्हापूरचे पाहुणे वेगळंच सांगतात.

बहुतेक झाडांना लागते. पाहुणे सांगतात तो महाराष्ट्राचा नियम, तो इथे चालत नाही. आपल्याला कर्नाटकाचा १९७६चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आणि अर्ज वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. नारळ, निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक अशी काही झाडं वगळलेली आहेत, तरी तुमच्या झाडाचं वनखात्यात विचारूनच घ्या. अर्जाला अळंबीचे फोटो जोडा, पोच घ्या आणि पावसाळा तोंडावर येण्याची वाट बघू नका. कन्नडमध्ये अर्ज लिहायला अडचण असेल तर शेजाऱ्याची मदत घ्या, पण त्यापायी महिना घालवू नका.

प्रश्न (अनगोळ): अळंबी आलेला गुलमोहर काढला. बुडखा तसाच आहे. त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर लावू का?

नको. बुडख्यात आणि मुळांत बुरशी अजून जिवंत आहे, नव्या रोपाच्या मुळांना ती तिथेच गाठेल. बुडखा जाड मुळांसकट खणून काढा, तुकडे बागेत गाडू नका, खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या. नवं रोप दुसऱ्या जातीचं घ्या, जुन्या जागेपासून दहा-बारा फूट सरकवून, वीजतारांच्या खाली येणार नाही असं बघून. खणताना बुडख्याला अळंबी दिसली तर फोटो काढून ठेवा, शेजारच्या झाडांसाठी लागेल.